नाथसागरात होडी सोडायची आमची जागा : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे नाथसागराला, आमच्या बाजूला होडी सोडायची जी जागा आहे ती काही कोणी बांधलेला धक्का वगैरे नाही. धरणात शंभराच्या वर गावं गेली, त्यातल्या एका गावाचा जुना खडीचा रस्ता सरळ पाण्यात उतरतो, तोच सगळ्यांचा रॅम्प. पलीकडं थोडं शेत आहे अन् रस्त्यानं गेलं तर लांबचा फेरा पडतो म्हणून माझी छोटी फायबरची होडी गेल्या पावसाळ्यापासून इथूनच टाकतोय.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे खालची खडी. ट्रॉली रिव्हर्स घेत चाकं अर्धी बुडेपर्यंत नेली तरी रुतत नाही. पण कडेवरून हातभर सरकलात की काळी माती, मग दुसरं ट्रॅक्टर बोलवायचं. मासेमारीवाल्यांनी दोन्ही कडांना बांबू रोवलेत, त्यांच्या मधूनच घ्या.

निघायच्या आधी धरण किती टक्के आहे ते बघत जा, व्हॉट्सॲपवर रोज येतंच. पूर्ण भरलं म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, तेव्हा पाणी पार बाभळीपर्यंत येतं आणि एकावेळी एकच ट्रॉली बसते. पाणी उतरायला लागलं की रस्ता उघडा पडत जातो, जागा मोकळी, तेव्हा लै मजा. उन्हाळ्यात मात्र पाणी इतकं लांब जातं की रस्ता गाळात संपतो आणि लोकांची गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) सुरू झालेली असते, मग होडी खांद्यावर. (शून्य टक्के म्हणजे कोरडं नाही बरं का, खाली साधारण २६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी, राहतोच, फक्त आपल्या काठाला त्याचा उपयोग नाही.)

उलटा प्रकार पावसाळ्यात. इथं कडक ऊन पण नाशिक-नगरकडं जोरात पाऊस झाला, वरच्या धरणांतून सोडलं की इकडं रात्रीतून पाणी चढतं अन् काठावर ओढून ठेवलेली होडी सकाळी तरंगत असते. दोर लांब घ्या, बाभळीच्या बुंध्याला बांधा, दगडाला नको.

आता गर्दी. लोक म्हणतात जागा कमी, मला नाही वाटत. पहाटे जाळी काढून आलेले मासेमारीवाले दोन मिनिटांत होडी लावून बाजूला होतात. अडवतात ते बर्फाच्या पेट्यांचे पिकअप, तोंड खाली करून उतारावरच उभे. आणि हिवाळ्यात रविवारी रोहित पक्षी बघायला येणारे फोटोवाले, कार आडवी लावून उतारावरच बॅगा काढणार, जॅकेट घालणार, डबा पण तिथंच. अरे भाऊ, ते सगळं वर झाडाखाली करून या ना, खाली आल्यावर फक्त होडी ढकलायची.

पाण्यात गेल्यावर शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि केबल जपून. पाणी मागं सरकलं की ते पण मोटार पुढं नेतात, त्यामुळं कालची मोकळी वाट आज मोकळी असेलच असं नाही. दुपारनंतर वारा सुटला तर सरळ काठ धरा, भरल्यावर ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारं पाणी आहे, मधे वारा अडवायला काहीच नाही, लाटा होडीत येतात. लाइफ जॅकेट घाला, पोहता येतं वगैरे सांगू नका.

लाइटची सोय नाही, अंधार पडायच्या आत परत या. मासे घ्यायचे असतील तर सकाळी मासे वजनकाट्यावर चढायच्या आधीच विचारा, रोहू, कटला, चिलापी मिळते, मरळ मात्र व्यापारी आधीच उचलतो.