लेक ओक्लाहोमात, मी खारघरला, मधे ही साइट

लेक अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मनला असते, त्यामुळे एप्रिल-मे, म्हणजे तिकडचे टोर्नेडोचे (गरगर फिरणाऱ्या भयंकर वादळांचे) दिवस आले की जीव टांगणीलाच. तिच्याच गावातल्या सरकारी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरची साइट मी रोज उघडते, फुकट आहे. ८ दिवस आधीपासून वादळाच्या धोक्याचे नकाशे येतात, दिवस जवळ आला की धोका १ ते ५ असा रंगात दिसतो. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वॉच आणि वॉर्निंगमधला फरक कळणं, वॉच म्हणजे टोर्नेडो होईल अशी हवा आहे, वॉर्निंग म्हणजे दिसलाय किंवा रडारवर पकडलाय, लगेच आत जा, आणि ती तिथलं लोकल हवामान ऑफिस देतं. तिकडे संध्याकाळचे ७ म्हणजे इथे पहाटे साडेपाच, दूध येईपर्यंत मी नकाशा बघून तिला फोन केलेला असतो. इंग्रजी जरा जड आहे, तरी पाचपैकी पाच.