जांभळं फाउंटन ग्रास आणि मंडळी: १५ महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या २० फुटांच्या पट्ट्यात तीन रंगीत गवतं लावली. जांभळं फाउंटन ग्रास, निळं फेस्क्यू आणि लाल पात्यांचं जपानी ब्लड ग्रास. आम्ही पुण्यात राहतो, माती काळी आणि चिकट.

फेस्क्यूचं आधी उरकून टाकतो. दिसायला राखाडी-निळा, गुबगुबीत चेंडू. पण हे थंड हवेचं गवत. जुलैच्या झडीत ठोंब मधूनच काळे पडले आणि ऑगस्टमध्ये हात लावला तर मुळासकट हातात आले. सहाच्या सहा गेले. नर्सरीत ‘कुठेही येतं’ असं सांगितलं होतं.

फाउंटन ग्रासने मात्र पैसे वसूल केले. एक रोप १८० रुपयांना पडलं, चार आणली. चर खणून शेणखत आणि जाड वाळू मिसळली, वाफा वीतभर उंच केला, म्हणजे पाणी साचत नाही. दोन महिन्यांत ती कमरेपर्यंत आली. गणपतीच्या सुमारास तुरे सुटले, कोल्ह्याच्या शेपटीसारखे, गुलाबी-तपकिरी. सकाळचं ऊन मागून आलं की बघता बघता चहा गार होतो. पण रंग सगळा उन्हाचा. चौथं रोप आंब्याच्या सावलीत लावलं होतं. ते मळकट हिरवंच राहिलं, तुरे जेमतेम दोन. डिसेंबरात ते हलवून उन्हात आणलं, तेव्हा नवी पाती वाइनच्या रंगाची आली.

फेब्रुवारीत पाती वाळून पार केरसुणी झाली. मी विळ्याने जमिनीपासून ६ इंचांवर सगळं कापलं. घरात सगळ्यांनी हळहळ केली, आईने तर दोन दिवस तिकडे बघितलंच नाही. मार्चअखेर फुटवे आले, आधीपेक्षा दाट. कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाती हात ओरबाडतात. एप्रिल-मेमध्ये मी दिवसाआड पाणी दिलं. कुंडीत लावलं असेल तर रोज लागेल.

बियांच्या भानगडीत पडू नका. या जांभळ्या जातीला रुजणारं बी जवळपास धरतच नाही. मी ऑनलाइन पाकीट मागवलं, एकही दाणा उगवला नाही. एका अर्थी बरंच आहे, कारण याच्या हिरव्या भाऊबंदाने बी उडवत हवाई बेटांवर उच्छाद मांडलाय. वाढवायचं तर ठोंब फोडून. या जूनमध्ये मी एका ठोंबाचे कुदळीने पाच केले, पाचही जगले.

ब्लड ग्रासची गंमत वेगळीच. खुरपणीला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच महिन्यात अर्धं तण म्हणून उपटलं. त्यांचं फारसं चुकलं नाही. लाल रंगासाठी निवडून वाढवलेलं हे वाण असलं तरी मूळ जात म्हणजे जगभर शेतकऱ्यांना रडवणारं गवत, जमिनीखालून पसरणारं. उरलेल्यात मधूनच एखादा फुटवा साफ हिरवा येतो. तो दिसला की मुळासकट काढतो, नाहीतर तोच वाफा बळकावेल. आता उरलेल्या ब्लड ग्रासला वाफ्यातून काढून सिमेंटच्या कुंडीत डांबलंय.

फेस्क्यूच्या जागेवर गवती चहा लावलाय. रंग काही नाही, पण मावशी जाताना चार पाती तोडून नेतात.