अँबॅसिडर घ्यावी की पद्मिनी?

जुनी गाडी हौसेने घ्यायची ठरली, की आपल्याकडे बहुतेकांचं घोडं या दोन नावांपाशीच अडतं. मी दोन्ही चालवल्या आहेत. आधी सहा वर्षं 1982ची अँबॅसिडर मार्क 4, आणि आता नऊ वर्षं 1986ची पद्मिनी.

ओढ बघाल तर अँबॅसिडरच. 1489 सीसीचं ते इंजिन घाई करत नाही, पण दमतही नाही. घरची सहा माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन खंबाटकीचा बराचसा चढ ती तिसऱ्या गिअरवर काढायची. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, तिथे चार माणसांतही मला दुसरा टाकावा लागतो. मागची सीट तर विचारूच नका. माझ्या आईचे गुडघे धरलेले, पण कोल्हापूरपर्यंत ती अँबॅसिडरमध्ये पाय मोकळे सोडून आरामात बसायची. खड्ड्यांतही तीच जास्त शांत.

एवढं असून मी ती का दिली? फाटकामुळे.

आमचं घर सदाशिव पेठेत. बोळ अरुंद, आणि फाटक बोळाला काटकोनात. अँबॅसिडर आत घ्यायची म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे, निदान पाच वेळा. पॉवर स्टिअरिंग नाही, गाडी जवळजवळ उभी, त्यामुळे प्रत्येक वळणाला खांदे भरून यायचे. मागे दुचाकीवाले हॉर्न वाजवत थांबलेले. समोरच्या भिंतीवर बंपरच्या उंचीला चुना खरवडून एक आडवी रेघच उमटली होती. रोज संध्याकाळी हे करून करून शेवटी मी गाडी बाहेर काढणंच टाळायला लागलो. आवडीची गाडी आठवडाभर झाकून ठेवायची, हे मला सहन होईना.

पद्मिनी लांबीला जवळजवळ हातभर आणि रुंदीला वीतभर कमी. त्याच फाटकातून ती दोन दमांत आत येते. स्टिअरिंगही हाताला हलकं. आता दूध आणायलाही मी तीच काढतो.

दुरुस्तीत मला फार फरक जाणवला नाही. तरी पद्मिनी कुर्ल्यात बनायची आणि ऑक्टोबर 2023पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती, त्यामुळे इकडे तिच्यावर हात बसलेले मिस्त्री जास्त भेटतात. नाना पेठेत माझं काम आजवर अडलेलं नाही. उन्हाळ्यात घाटात बॉनेटखालच्या तापलेल्या पेट्रोल पंपावर टाकायला ओलं फडकं मात्र जवळ ठेवा, त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते लागतंच. ब्रेक दोन्हींना ड्रमचे, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर राखा.

50 वर्षं पूर्ण झालेली गाडी मिळत असेल तर व्हिंटेज नोंदणीचा मोह होईल. पण त्या नंबरवर रोजच्या वापराला परवानगी नाही. चालवायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

ज्यांच्या दारात मोकळं अंगण आहे आणि घरात वडीलधारी माणसं आहेत, त्यांना मी अँबॅसिडर घेऊ नका असं म्हणणार नाही. पेठेत, चाळीत किंवा जुन्या सोसायटीत राहत असाल तर मात्र माझं मत पद्मिनीला. बघायला जाल तेव्हा डिकीतलं मॅटिंग उचलून खालचा पत्रा बोटाने दाबून बघा. रंगाखाली गंज असेल तर तिथेच कळतो.