क्रिस जुनी, कहाणी शंकास्पद

मनिलातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेली मोरो क्रिस, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधील मुस्लिम मोरो लोकांची दुधारी तलवार, चार महिने हाताळल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. सोबतच्या कागदावर ‘सुलू, एकोणिसावे शतक, १९०६ मधील बुद दाजोच्या लढाईतील लूट’ असा मजकूर होता. त्यातील शतकापुरते विधान पाते पाहता पटते. फिलिपिन्सच्या सुलू बेटांवर अमेरिकी सैन्य आणि मोरो यांच्यात झालेल्या त्या लढाईचा उल्लेख मात्र त्या कागदापलीकडे कुठेही सापडत नाही, आणि किंमत बहुधा त्याच उल्लेखाने वाढवली असावी.

पाते खरोखर उत्तम आहे. मुठीलगतचा रुंद भाग, ज्याला संग्राहक गांग्या म्हणतात, येथे वेगळा घडवून पात्याला बसवला आहे. सांध्यात नख अडकते आणि भिंगाखाली त्या फटीत मुरलेला काळा गंज दिसतो. सांध्याची रेषा बरीचशी सरळ जाऊन टोकाशी किंचित खाली वळते, ही जुन्या घडणीची खूण मानली जाते. विसाव्या शतकातील पात्यांवर ती बहुधा ४५ अंशांत तिरपी उतरते, तर कित्येक अलीकडच्या पात्यांवर अखंड पोलादावर नुसती कोरलेली असते. दुकानदाराच्या परवानगीने एका कोपऱ्यावर सौम्य आम्ल लावले, तेव्हा लाकडाच्या रेषांसारखे थर उमटले. मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेल्या पात्यात असे थर दिसत नाहीत.

म्यानाबद्दल मात्र तक्रार आहे. त्याच्या तोंडाशी असलेली पट्टी चांदीची म्हणून सांगितली गेली; ती चांदीसारखी काळवंडलेली नाही, फिकट राखाडी पडली आहे आणि टाचणीनेही तिच्यावर ओरखडा उठतो. माझ्या मते ते अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि हा धातू स्वस्तात काढण्याची पद्धतच १८८६ मधील असल्यामुळे हे म्यान पात्याच्या वयाचे असणे कठीण. तसे पाहता म्यान नवे असण्यात गैर काही नाही, कारण वापरातल्या शस्त्राची मूठ किंवा म्यान खराब झाले की ते बदलले जाई. पण सगळी वस्तू एकाच काळातील म्हणून विकणे योग्य नव्हे.

दुकानाची बांधणी आणि पाठवणी चोख होती. खरेदीपूर्वी मागितलेल्या छायाचित्रांत मुठीची नक्षी सहा बाजूंनी दिसत होती, सांध्याचे एकही नव्हते. ते मला दोनदा मागावे लागले.