एल्ब्रुसच्या नावाखाली आमचे साडेसोळा लाख गेले

रशियातल्या एल्ब्रुस शिखरावर नेतो म्हणून पैसे घेऊन पळालेला तो माणूस अजून मोकळा आहे आणि त्यानं विकलेले क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, अजून कुणाकुणाच्या घरात पडून आहेत, म्हणून हे लिहितोय. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण घाई आहे ती क्रॅम्पॉनची. हिवाळ्यात आपल्याकडची पोरं केदारकंठाला जातात, कुणी मनालीकडं जातं. त्यातल्या एकानंही ते पायात बांधून कडक बर्फावर पाऊल टाकू नये.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, मशीन शॉपला क्वालिटीत आहे. बावीस वर्षं झाली. आमचा सहा जणांचा ग्रुप. एक शाळेतले सर, एक किराणा दुकानदार, एक नर्स ताई आणि त्यांचे मिस्टर, मी, आणि आमच्याच शॉपमध्ये ट्रेनी म्हणून आलेला करवीर तालुक्यातला एक पोरगा. दर रविवारी पहाटे पन्हाळा नाहीतर जोतिबा, महिन्यातून एकदा रांगणा किंवा भुदरगड. वयं तेवीसपासून बावन्नपर्यंत, पण डोंगरात सगळे सारखे.

या माणसाची गाठ पडली ती जुलै 2024 मध्ये, पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत. भर पावसात मसाई पठारावर धुकं इतकं की पुढच्याची सॅक दिसत नव्हती. ताईंचा पाय मुरगळला, तर यानं त्यांची सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली आणि मुक्कामापर्यंत आणली. रात्री सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवला. डिसेंबरात आम्हाला हिमालयात एका छोट्या ट्रेकला नेलं. ठरलेल्या पैशात, ठरल्या तारखेला, एक रुपया जास्त न घेता. त्याच्यावरचा आमचा विश्वास असा तयार झाला होता. पहिले दोन व्यवहार चोख होते, हे ज्यांनी आम्हाला नंतर वेड्यात काढलं त्यांनीही लक्षात घ्यावं.

जानेवारी 2025 मध्ये त्यानं राजारामपुरीत एक हॉल घेऊन कार्यक्रम केला. त्यात तो जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं. आपला सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे खरं. रशियातल्या कॉकेशसमधला एल्ब्रुस हा निद्रिस्त ज्वालामुखी, 5642 मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच शिखर, हेही खरं. अझाऊ गावातून केबल कारनं 3800 मीटरच्या वर जाता येतं आणि तिथून बर्फावर चालणारं ट्रॅक्टरसारखं वाहन पाच हजार मीटरच्या आसपास सोडतं, तेही खरं. यावर त्यानं बेत रचला: गुरुवारी मुंबईतून निघायचं, शनिवार-रविवारी शिखर, मंगळवारी कामावर हजर. ‘तुम्ही शनिवार-रविवारची माणसं आहात, तुम्हाला महिनाभर रजा कोण देणार?’ हे त्याचं वाक्य माझ्या काळजात बसलं. मला वर्षाला मोजून आठ रजा मिळतात.

हा बेत किती जीवघेणा होता ते मला नंतर एका डॉक्टरांनी समजावलं, जे स्वतः तिथं जाऊन आले आहेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथलं शरीर तीन दिवसांत साडेपाच हजारावर नेलं तर फुप्फुसात नाहीतर मेंदूत सूज येऊ शकते आणि माणूस काही तासांत जातो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा नियम आहे. म्हणून एल्ब्रुसची नीट आखलेली मोहीम आठ-दहा दिवसांची असते. आधी समोरच्या चेगेत डोंगरावर सराव, मग 3800 मीटरच्या वर मुक्काम, मग पास्तुखोव खडकांपर्यंत जाऊन परत, आणि खराब हवेसाठी हातात एक-दोन दिवस जादा. 23 सप्टेंबर 2021 ला तिथंच 19 जणांचा एक गट पाच हजार मीटरच्या वर वादळात सापडला आणि पाच जण गेले. वाहनानं वर सोडतात म्हणून तो डोंगर सोपा होत नाही.

माणशी 2,60,000 रुपये ठरले, तीन हप्त्यांत. ‘कंपनीचं खातं जीएसटीत अडकलंय, मिसेसच्या खात्यावर टाका’ असं म्हणाला. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पहिल्या दोन ट्रेकचे पैसेही आम्ही असेच टाकले होते. वर पाच टक्के टीसीएस या कराचे म्हणून माणशी 13,000 रुपये घेतले, त्याच खात्यावर.

टीसीएसचं नीट सांगतो, कारण ही गोष्ट घरबसल्या तपासता येते. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला हा कर घेऊन सरकारकडे भरावाच लागतो, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर खात्याच्या आपल्या नावच्या उताऱ्यात (आमच्या वेळी 26एएस) दिसतो. मार्चपर्यंत दिलेल्या पैशांचा कर मे महिन्यानंतर दिसायला हवा होता. जुलैत मी आमच्या सीएंना विचारलं. त्यांनी संगणकावर बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, ‘साहेब, इथं तुमचा पगार सोडून काही नाही.’

पण मला खरं कळलं होतं त्याच्या दोन महिने आधी. ते सांगणं मला जड जातंय.

मे महिन्यात त्यानं क्रॅम्पॉन आणले. ‘तिथं भाड्यानं घेतले तर महाग पडतील, हे इम्पोर्टेड आहेत, माणशी साडेचार हजार, तुमचेच होतील.’ सहाही जोड आमच्या घरी सतरंजीवर मांडले. काळा रंग मारलेले, नवे, वासही ताजा. मी एक हातात घेतला आणि अंगठा दाताच्या कडेवरून फिरवला. कडेला बर होती. गॅस कटरनं पत्रा कापला की जी खरखर राहते ती. दात वाकवलेत तिथं बाहेरच्या बाजूला व्हाइसच्या जबड्याचे चट्टे, रंगाखालून दिसणारे. चांगले क्रॅम्पॉन बहुतेक क्रोम-मॉली या कणखर पोलादाचे असतात, कडक करून पाणी दिलेले. त्यांच्यावर कानस चालते, पण साध्या पत्र्यावर चालते तशी सहज नाही. माझ्या हातातला तुकडा तीन मिलीचा साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा, पत्रा होता, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये कापलेला. आमच्याच गल्लीतला म्हटलं तरी चाललं असतं.

बावीस वर्षं मी हेच काम करतोय. खराब माल हातात आला की मला डोळे मिटूनही कळतं. त्या दिवशीही कळलं. कानस दुसऱ्या खोलीत कपाटात होती. मी उठलो नाही.

का उठलो नाही, याचा मी खूप विचार केलाय. तोवर दोन हप्ते गेले होते. पोरगा समोर बसून आनंदानं पट्टे बांधत होता. आणि ज्या माणसानं ताईंची सॅक छातीवर वाहिली, त्याच्यासमोर कानस घेऊन बसणं मला अपमानाचं वाटलं. मी फक्त विचारलं, ‘हे कुठलं मटेरियल?’ तो म्हणाला, ‘जर्मन.’ मी मान हलवली.

20 जुलैला तिकिटं आली, 14 ऑगस्टची. पीडीएफवर सहा अक्षरांचा पीएनआर. पोरानं विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, तर सहाही नावं आली. घरात पेढे वाटले. चौथ्या दिवशी तोच पीएनआर टाकला तर बुकिंग सापडत नाही. विचारलं तर म्हणाला, ‘सीट बदलतोय, सिस्टीम अपडेट होतेय.’ पोरानं थेट विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या मुलीनं शांतपणे सांगितलं की बुकिंग फक्त होल्डवर टाकलं होतं, पैसे कधीच भरले नाहीत, मुदत संपल्यावर आपोआप रद्द झालं.

पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. एजंट जागा रोखून ठेवतो तेव्हाही पीएनआर मिळतो आणि नावं साइटवर दिसतात. पैसे भरून तिकीट निघालं की बहुतेक विमान कंपन्यांचा 13 आकडी ई-तिकीट नंबर येतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. आमच्या पीडीएफवर तो नंबर नव्हता. आमच्यातल्या कुणालाच तो शोधायचा असतो हे माहीत नव्हतं.

त्या सोमवारी त्याचा फोन बंद लागला. त्याच्या ऑफिसला गेलो तर बोर्ड उतरवलेला, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, ‘परवाच सामान हलवलं की.’ त्यानं दिलेल्या विम्याच्या कागदावरचा नंबर घेऊन विमा कंपनीत चौकशी केली, तसली पॉलिसीच नव्हती. सगळं मिळून सहा जणांचे 16,65,000 रुपये.

त्या रात्री मी कपाटातली कानस काढली. दाताच्या टोकावर चार हात मारले, तर रंग उडून चकचकीत चुरा सतरंजीवर पडला. दुसऱ्या दिवशी शॉपमधल्या कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर धरला. साध्या एमएसचाच कडकपणा. एल्ब्रुसवर पहाटे बर्फ काचेसारखा असतो आणि शिखराकडं जाणारी वाट उतारावरून आडवी जाते. तिथं पाय निसटला तर खालच्या भेगाळलेल्या हिमनदीपर्यंत अडवायला काही नाही. असा दात माणसाच्या वजनानं वाकला असता. मोहीम व्हायचीच नव्हती हे आता कळतंय. पण ते विकताना त्याला ठाऊक होतं की कुणीतरी ते कधीतरी वापरेल.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथं लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. आमचा शेवटचा हप्ता जाऊन पाच आठवडे झाले होते आणि खातं रिकामं होतं. तरी तक्रार नोंदवून घेतली, तिचा नंबर पुढं उपयोगी पडतो. पोलीस ठाण्यात आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं ऐकावं लागलं. वकिलांनी लेखी अर्ज करून दिला: भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), म्हणजे जुनं 420. हॉलमधल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ, चॅट, बँक स्टेटमेंट आणि 26एएसची प्रत जोडली. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. प्रत्येकानं आपापली तक्रार वेगळी केली तर माणशी रक्कम या मर्यादेत बसते.

अडचण वेगळीच निघाली. सहातले चौघं सही करायला तयार होईनात. दुकानदार म्हणाले, गिऱ्हाईक हसतील. सरांना शाळेत कळायला नको होतं. ताईंच्या घरी भांडण लागलं होतं. आणि पोराच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, आईनं पाटल्या मोडल्या होत्या, त्या घरात मला जायची हिंमत होत नव्हती. कारण जानेवारीत त्यांच्या सोप्यात बसून मीच सांगितलं होतं, ‘दादा, माणूस खात्रीचा आहे, मी बघितलाय.’

गणपती झाल्यावर गेलो. पिशवीत पोराचाच क्रॅम्पॉन होता. वडील उसाच्या रानातून नुकतेच आले होते. मला पाणी दिलं, पैशाचा विषय काढला नाही. मी माफी मागायला लागलो तर हात वर करून थांबवलं. ‘ते ऱ्हाऊ द्या. पोरगं कशावर हुबं ऱ्हाणार हुतं, ते दावा.’

मी क्रॅम्पॉन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, बोटानं कड चाचपली. मग दाराजवळचं खुरपं घेतलं आणि त्याची धार दातावर दाबून ओढली. खुरप्याला काही झालं नाही. दातावर खोल चरा पडला. ते त्या चऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

‘कुठं सही करायची?’ त्यांनी विचारलं.

त्यांच्यामागून बाकीच्यांनीही केल्या. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या ज्यांनी याच्याकडून क्रॅम्पॉन घेतले असतील, त्यांनी ते बर्फावर वापरू नका. पण टाकूनही देऊ नका, पुरावा म्हणून जपून ठेवा, आणि आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. आमचे सहा जोड मुद्देमालात जमा आहेत.