पांडाज १.५ वरून २.२ वर: आठ महिन्यांनंतर, फक्त तारखांबद्दल

शिरूर, दौंड, इंदापूरकडच्या दूध संकलन केंद्रांच्या फाइली आमच्याकडे येतात. कोथरूडच्या ऑफिसात आम्ही तिघं त्यातून लिटर, फॅट, एसएनएफचे (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आलेख काढून डेअऱ्यांना देतो. शेतकऱ्यांची बिलं आमच्याकडून निघत नाहीत, ती वेगळ्या सॉफ्टवेअरमधून निघतात. ते किती बरं आहे, हे पुढे वाचताना कळेलच.

हे काम आम्ही पांडाजवर करतो, म्हणजे पायथन भाषेतल्या तक्ते हाताळायच्या लायब्ररीवर. दिवाळीनंतर तिच्या १.५ आवृत्तीवरून थेट २.२ वर आलो. पहिल्याच दिवशी सगळ्यात जुनी, कधीही न अडलेली स्क्रिप्ट अडली. एरर अशी: १३/०१/२०२३ ही तारीख महिना-दिवस-वर्ष या फॉरमॅटमध्ये बसत नाही, स्थान २४. या फाइलीत रोजच्या दोनच ओळी असतात, सकाळ आणि संध्याकाळ. मोजणी शून्यापासून, म्हणजे बारा दिवसांच्या चोवीस ओळी बिनबोभाट गेल्या आणि तेराव्या दिवशी गाडी थांबली. माझी पहिली प्रतिक्रिया चिडण्याचीच होती. काल चालत होतं, आज का नाही?

कारण असं. २.० ही आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली आणि तेव्हापासून टू-डेटटाइम, म्हणजे मजकुराची तारीख करणारं फंक्शन, पहिल्या तारखेवरून एकच फॉरमॅट ठरवतं आणि तोच सगळ्या रकान्याला लावतं. आधी प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज बांधला जायचा, आणि काही सांगितलं नसेल तर महिना आधी धरला जायचा. १३/०१ मध्ये तेरावा महिना नसतो म्हणून ती तारीख बरोबर लागायची. ०८/०१ मात्र निमूटपणे १ ऑगस्ट व्हायची. एकाच रकान्यात दोन न्याय. १.५ त्याबद्दल वॉर्निंगही देत होतं. ती लॉगमध्ये दिसू नये अशी सोय आम्हीच करून ठेवली होती, हे कबूल करायला हवं.

मग जुने अहवाल उघडले. १ ऑगस्टला एका केंद्राच्या गायीच्या दुधाची फॅट ४.३ दिसत होती, आजूबाजूच्या दिवसांना ३.६ च्या आसपास. केंद्र चालवणाऱ्या काकांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "ताई, ऑगस्टात एवढी फॅट लागतच नाही आमच्याकडं. थंडीतली असंल ती." वही काढून त्यांनी ८ जानेवारीची ओळ वाचून दाखवली. ४.३, लिटरसकट तंतोतंत तीच.

हे इतकी वर्षं सापडलं कसं नाही, या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही. उत्तर हिशेबात आहे. वर्षात १ ते १२ तारखांचे दिवस १४४. त्यातले ०५/०५ सारखे बारा उलटे वाचले तरी तेच राहतात. उरले १३२. ८ जानेवारी १ ऑगस्टवर जाते आणि १ ऑगस्ट ८ जानेवारीवर येते. जोडीजोडीने अदलाबदल होते, त्यामुळे पूर्ण वर्षाच्या फाइलीत एकही दिवस रिकामा राहत नाही, एकही दुबार येत नाही, वर्षाची बेरीज लिटरला लिटर जुळते. आमच्या सगळ्या तपासण्या बेरजेच्याच होत्या. ३६५ पैकी १३२ दिवस चुकीचे, आणि ताळा मात्र बरोबर! त्या एका एररने हे उघडं केलं, म्हणून हा बदल मला मनापासून आवडला आहे.

पण नवीन आवृत्तीही सगळीकडे ओरडत नाही, आणि यात मोठा धोका आहे. आमच्या दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये एरर्ससाठी 'कोअर्स' दिलेलं होतं, म्हणजे न जुळणारी तारीख एरर न देता रिकामी कर. ती विनातक्रार चालली आणि ७३० ओळींच्या २८८ झाल्या. प्रत्येक महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढचं सगळं 'नॉट अ टाइम', म्हणजे रिकामी तारीख, होऊन पुढच्या पायरीत गळून गेलं, आणि जे उरलं ते उलटं वाचलेलं. अपग्रेड करणार असाल तर आधी कोडमध्ये हा एक शब्द शोधा. दुसरी जागा रीड-सीएसव्ही या फाइल वाचणाऱ्या फंक्शनमधलं पार्स-डेट्स, म्हणजे वाचतानाच तारखा ओळखायचा पर्याय. तारखा जुळल्या नाहीत तर ते एरर न देता रकाना मजकूर म्हणूनच परत देतं. मजकुराच्या क्रमाने ०१/०१ नंतर ०१/०२ येते, म्हणजे १ जानेवारीला चिकटून १ फेब्रुवारी. आलेख करवतीसारखा दिसला तेव्हा समजलं.

वजनकाट्याच्या नोंदींनी वेगळाच त्रास दिला. त्यांची वेळ मिलिसेकंदांपर्यंत असते, पण वेळ मजकुरात लिहून देणारं पायथनचं आयसोफॉरमॅट सेकंदाचा अपूर्णांक शून्य असला की तो लिहीतच नाही. हजारात एखादी नोंद अशी येते आणि तिथे फाइल अडते. फॉरमॅटमध्ये 'आयएसओ८६०१' (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) दिलं की प्रश्न मिटतो. 'मिक्स्ड' हा पर्याय मी एकदाही वापरलेला नाही. तो पुन्हा प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज बांधतो, म्हणजे आम्ही जिथून निघालो तिथेच. 'डेफर्स्ट' (दिवस आधी) या पर्यायावरही पूर्ण भिस्त ठेवू नका, तो दिवसाला झुकतं माप देतो, सक्ती करत नाही.

आता प्रत्येक केंद्रासमोर त्याचा फॉरमॅट लिहिलेला तक्ता आहे आणि फाइल वाचताना तोच दिला जातो. वेगही वाढला, मोठ्या फाइलींवर चांगलाच जाणवतो. तक्ता लागतोच, कारण एका केंद्रावर नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा विंडोजची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेचीच राहिली आणि एक्सेलमधून महिना-आधी फाइली यायला लागल्या. १ ते १२ तारखेपर्यंत ते फॉरमॅटलाही कळत नाही. म्हणून आता फाइलीतली शेवटची तारीख काल-आजची आहे का, हेही तपासतो.

दोन डेअऱ्यांना मागच्या तीन वर्षांचे दुरुस्त अहवाल पाठवले, सोबत चूक काय होती याचं पानभर पत्र. काकांच्या केंद्राचा आलेख छापून त्यांना नेऊन दिला. त्यांनी वही शेजारी ठेवली आणि ऑगस्टचे एकतीस दिवस बोटाने एकेक करून ताडून पाहिले.