फिरत्या तारांगणातला कृष्णविवराचा शो: सुरुवात फसलेली, मधला भाग चोख

ठाणे आणि नवी मुंबईत शाळा-सोसायट्यांना भाड्याने मिळणाऱ्या एका फिरत्या तारांगणात सध्या कृष्णविवरांवरचा मराठी शो दाखवतात. हवा भरून फुगवलेला घुमट, आत मांडी घालून बसलेली पंचवीस-तीस मंडळी, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. विषय एकच: दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहाच्या, मध्याशी असलेल्या महाकाय कृष्णविवरापर्यंत वायू पोचतो कसा?

सुरुवातीची पाच मिनिटं सरळ सोडून द्या. मोरीच्या भोकात पाणी जावं तसा अख्ख्या दीर्घिकेचा वायू तिथे मध्याकडे ओढला जाताना दिसतो. असं होत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी असलेलं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं. पण त्याच्या गुरुत्वाचं चालतं ते जेमतेम दहा प्रकाशवर्षांपर्यंत. आकाशगंगेची तबकडी आहे साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद. एवढ्या लांबच्या वायूला मध्याशी कृष्णविवर असलं काय, नसलं काय, तो आपला फिरत राहतो. आत यायचं तर कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, टाकावा लागतो, आणि तोही थोडाथोडका नाही: तबकडीपासून कृष्णविवराजवळच्या शेवटच्या स्थिर कक्षेपर्यंत (तिच्या आत टिकून फिरता येत नाही) येताना लाखात एखादा भागही उरत नाही. तेव्हा प्रश्न ओढण्याचा नाहीच, हा संवेग खपवायचा कुठे याचा आहे. शो त्यावर येतो, पण उशिरा.

येतो तेव्हा मात्र मजा आणतो. दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेचा (मध्यातून ताऱ्यांचा आडवा पट्टा गेलेल्या दीर्घिकेचा) भाग आम्हाला सर्वात आवडला. ताऱ्यांचा लांबुळका दंड एका वेगाने फिरतो, त्याच्या आतला वायू त्याहून जलद. वायूचे ढग दंडाला गाठतात, तिथे एकमेकांवर आदळतात, आघातलाटा उठतात. दंडाचं गुरुत्व या गर्दीला मागे खेचतं, वायूचा संवेग दंडाकडे जातो आणि वायू आत घसरतो. या आघातरेषा म्हणजेच छायाचित्रांत दिसणारे काळे धुळीचे पट्टे. ते दंडाच्या मधोमध नसतात, फिरण्याच्या दिशेच्या पुढच्या कडेला असतात. पुस्तकांतल्या चित्रांतही हे हटकून चुकतं. इथे बरोबर आहे. ज्याने कोणी हे ॲनिमेशन केलं, त्याने अभ्यास केलाय.

उदाहरणही नेमकं निवडलंय: एनजीसी १०९७ ही दंडयुक्त दीर्घिका. दंडावरून उतरलेला वायू थेट मध्यात जात नाही, सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षं त्रिज्येच्या कड्यात अडकतो आणि तिथे तारे बनू लागतात. म्हणजे बराचसा माल वाटेतच संपतो. कड्याच्या आत धुळीच्या बारीक सर्पिल रेषा दिसतात, उरलेला वायू त्यांच्यावरून पुढे सरकतो. मध्याशी कृष्णविवर आहे १४ कोटी सूर्यांचं.

आणि नेमक्या याच जागी घुमट दगा देतो. एकच प्रोजेक्टर, त्याला चित्र अख्ख्या घुमटावर पसरवणारी फिशआय लेन्स. १९२० बाय १०८० च्या चित्रात पूर्ण वर्तुळ बसवलं की व्यासाला १०८० ठिपके उरतात. १८० अंशांत ते वाटले की अंशाला सहा. त्या बारीक रेषा पुसट होतात. शिवाय आतलं कापड पांढरंशुभ्र असल्याने उजळ कड्याचा प्रकाश समोरच्या बाजूवर परततो आणि काळे पट्टे राखाडी दिसतात. करड्या कापडाने हे बरंच कमी होतं.

शेवटच्या काही प्रकाशवर्षांचा प्रवास शो दोन वाक्यांत उरकतो, हे खटकलं. कृष्णविवराभोवती वायूची छोटी तबकडी फिरत असते, तिच्यात शेजारच्या दोन थरांचे वेग वेगळे. चुंबकीय रेषा त्यांना बांधतात, आतला थर संवेग गमावतो, बाहेरचा कमावतो. बाल्बस आणि हॉली या खगोलशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवलेली ही अस्थिरता नसेल तर तबकडी नुसती फिरत बसेल. तिचा उल्लेखही नाही. आलेला सगळा वायू गिळला जातो, हेही निवेदनातलं वाक्य चूक. सर्सिनस दीर्घिकेत ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणींनी मोजलं (२०२३), तर आत येणाऱ्या वायूपैकी तीन टक्क्यांच्या आसपासच कृष्णविवराच्या वाट्याला येतो, उरलेला बहुतेक बाहेर फेकला जातो. आपल्या आकाशगंगेच्या मध्याचं कृष्णविवर, सॅजिटेरियस ए*, तर उपाशीच म्हणायचं. जवळच्या तप्त ताऱ्यांच्या वाऱ्यांतून मिळेल ते खातं, आणि सध्याच्या गतीने एक सूर्य संपवायला त्याला दहा कोटी वर्षं तरी लागावीत. निवेदक मात्र ‘अधाशी राक्षस’ म्हणतो.

शेवटी एम ८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर (२०१९) आणि सॅजिटेरियस ए* (२०२२) यांच्या प्रतिमा येतात. केशरी रंग दिलेला आहे, मूळ नोंद १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींची, एवढं एक वाक्य हवं होतं.

तरीही आठवीच्या पुढच्या मुलांसाठी बोलवाच. पाचवी-सहावीला जड जाईल. चालकाला आधीच सांगा: सुरुवात वगळा, एनजीसी १०९७ वर थांबा आणि प्रश्न घ्या. तो थांबवतो, आवाजही कमी करून देतो.

जागेचं आधी मोजून घ्या. सहा मीटर व्यासाच्या घुमटाला साडेतीन मीटरच्या वर उंची लागते. घोडबंदर रोडवरच्या क्लबहाऊसमध्ये पंखे आडवे येतात. वाशी-नेरूळकडच्या शाळांचे हॉल बरे. ब्लोअर शोभर चालू ठेवावा लागतो, तो निवेदकाच्या बाजूला असेल तर मागच्यांना शब्द कळत नाहीत. दाराची चेन उघडी राहिली की घुमट बसायला लागतो, म्हणून उशिरा येणाऱ्यांना आत सोडू नका. पोडियमवर दिवसा लावू नका, कापडातून उजेड झिरपतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आतली वेळ मागा. नंतर आत मुलं घामाघूम होतात.